हात पसरेल त्याला

३ मार्च, सोमवार

सकाळी सातला फोन. फ्लोरा. धाकट्या जावेला एवढ्या सकाळी माझी आठवण येते ती काही हवं असेल तेव्हाच.

"ताई, यंदा पुरीमची मगिल्ला आमच्याकडे वाचू या का? लिफ्ट आहे, हॉल मोठा आहे, सगळ्यांना आराम."

"बघू," म्हटलं. फोन ठेवल्यावर ओटा दोनदा पुसला.

चाळीस वर्षं मगिल्ला याच घरात वाचली जाते. चामड्यावर हाताने लिहिलेली एस्तेर राणीच्या गोष्टीची गुंडाळी. पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आणलेली. छापील पुस्तकातून वाचून पुरीम होत नाही, गुंडाळीच लागते, आणि ग्वाल्हेरात आपल्या यहुदी लोकांत ती एकच आहे. माझ्या कपाटात. आधी पप्पा वाचायचे, मग हे. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता दीर वाचतो, बेनी. पण घर माझं. वर्षातून एकदा या खोलीत माणसं जमतात. एरवी मी आणि दूधवाला.

लिफ्ट आहे म्हणे.

४ मार्च

कॅलेंडर पाहिलं. पुरीम गुरुवारी १३ला संध्याकाळी सुरू, शुक्रवारी १४ला दिवसभर. नेमकी होळी! गुरुवारी चौकात होळी पेटणार, शुक्रवारी रंग. आमची कोकणातली जुनी माणसं पुरीमला 'होळीचा सण'च म्हणत, पण इतका तंतोतंत जुळलेला बऱ्याच वर्षांत आठवत नाही. मगिल्ला दोनदा ऐकायची, रात्री आणि सकाळी. शुक्रवारी सकाळी त्यांच्या थाटीपूरहून माझ्या कंपूला कोरडा माणूस पोचणार नाही. म्हणजे रात्री जिथे जमू तिथेच मुक्काम. सगळा सण एकाच घरात. तिच्या नाहीतर माझ्या.

गुंडाळी तपासायला काढली. पत्र्याच्या नळकांड्याचं झाकण एकटीला निघत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं. खालून रामकलीला वर बोलावलं. ती जिन्याशी इस्त्रीचं टेबल लावते. तिने नळकांडं पोटाशी धरलं, मी ओढलं. भिंगाने सगळी अक्षरं पाहिली. ठीक आहेत.

रामकली माझ्या दोघांपैकी एक. पुरीमच्या दिवशी निदान दोन गरिबांना दान द्यायचं असतं, आणि माझे दोघे ठरलेले. रामकली आणि खासगी बाजारातला चपला शिवणारा प्यारेलाल. तिला म्हटलं, यंदा तुझं पाकीट १४ला.

"हम तो ग्यारह को गाँव चले जाएँगे दीदी. पहले ही दे दो, क्या फरक पड़ता है?"

"पड़ता है. उसी दिन देना होता है."

"छोटी दीदी तो दे भी गईं."

कोण छोटी दीदी?

"अरे वही, थाटीपुर वाली. स्कूटर वाली."

फ्लो.ने तिला साडी दिली. परवा. माझ्या जिन्याशी येऊन. वर न चढता.

आधी दिलेलं पुरीमचं दान म्हणून धरत नाहीत. हे तिला ठाऊक नसणार. अर्धा तास बरं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

बेनीचा फोन. घसा बसलाय, मेथीच्या काढ्याने बरा होईल म्हणतो. मग मुद्द्यावर आला.

"वहिनी, खरं सांगू? तुमच्याकडे वाचायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं होतं."

का, तर मी छापील पुस्तक घेऊन समोर बसते आणि त्याने शब्द गिळला की टेबलावर बोट वाजवते. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, चूक दिसली की बोट आपोआप वाजतं. आणि एकही शब्द सुटता कामा नये हा नियम मी नाही केला.

मागे फ्लो. हसत होती. ऐकू आलं.

सांगून टाकलं, मगिल्ला या घराबाहेर जाणार नाही. ज्याला ऐकायची त्याने जिने चढावेत.

बेनी खोकला. मग, "ठीक है वहिनी."

जिंकले. दुपारी जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

काल शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारभर लिहायचं नाही. डोक्यात मात्र दिवसभर लिहीत होते, तो नियम मोडला की नाही कुणास ठाऊक.

आज प्यारेलालकडे गेले. तोही १४ला नाही, होळीला लेकीकडे दतियाला जातो. एवढं सांगून थांबला असता तर बरं झालं असतं.

"अब तो साफ दिखता है बड़ी दीदी. छोटी दीदी ने मोतिया निकलवा दिया. खुद लेके गईं, दो बार."

वीस वर्षं हा माणूस माझ्या चपला शिवतोय. डोळ्यांबद्दल मला कधी अक्षर बोलला नाही. तिला बरा बोलला. तिच्यात असं काय आहे की माणसं दुखणी काढून दाखवतात? मीही विचारलं असतं. विचारलं असतं का? असो.

माझे दोघेही गेले. पुरीमला पाच दिवस.

घरी येताना ते आठवलंच. ह्यांचा शेवटचा पुरीम. ताटात माझी पुरणपोळी होती. हे हळूच म्हणाले, "फ्लोराने आणलीय ना, तिची दे अर्धी." अर्धीची सबंध खाल्ली. माझी तशीच राहिली. ती मी दुसऱ्या दिवशी खाल्ली, उभ्याने, ओट्याशी. चांगली होती. काही कमी नव्हतं तिच्यात.

११ मार्च

रामकली गेली. जाताना हाताची घडी घालून म्हणाली, "मन छोटा मत करो दीदी." मी कधी केलं?

पुरण शिजवून ठेवलं. सणाला एका घरी दोन तयार पदार्थ पाठवायचे असतात. मी दरवर्षी फ्लो.ला दोनच देते, पुरणपोळी आणि संत्री. दोन म्हणजे दोन. तिच्याकडून सहा येतात, क्रोशाच्या रुमालाखाली. करंज्या, हलवा, चिवडा, आणखी काय काय. नियम दोनाचा असताना सहा पाठवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? तिचा चिवडा मार्चअखेरपर्यंत पुरतो. संपला की चुकल्यासारखं वाटतं, ते वेगळं.

१३ मार्च, गुरुवार, दुपारी

एस्तेरचा रोजा. पाणीसुद्धा नाही. गाद्या घातल्या, चादरी बदलल्या.

तीनला फ्लो. आणि बेनी आले. बेनीचा आवाज पार गेलाय. नुसती हवा निघते. दोन जिने चढून, हात हलवून काहीतरी सांगू लागला. फ्लो. म्हणाली, "काळजी नका करू ताई, होईल काहीतरी."

काय होईल? बेनीशिवाय कोणाला वाचता येतं? गुंडाळीत काना-मात्रा नसतात, नुसती अक्षरं, ओळीमागून ओळ. मला खुणा असल्या तर अडखळत जमतं. खुणांशिवाय नाही. अ‍ॅबीकाका मुरारहून येतायत बायकोला घेऊन, पण त्यांचंही माझ्यासारखंच.

एवढं अडून बसून सण माझ्या घरी आणला आणि

१४ मार्च, शुक्रवार, पहाटे

सगळे झोपलेत. काल रात्रीचं लिहून ठेवते, नाहीतर मीच नंतर बदलीन.

तारे दिसले. खाली चौकात होळी पेटली, ढोल सुरू. आम्ही टेबलाभोवती. झाकण बेनीने आणि मी मिळून काढलं. गुंडाळी उलगडली. बेनी खुर्चीत बसला नाही. फ्लो. बसली.

मला वाटलं, चुकून बसली.

"ताई, मी वाचते."

"तू?"

"येतं मला. थोडं."

बारावीनंतर जिने पुस्तक उघडलं नाही ती. म्हटलं, बाईने पुरुषांसाठी वाचलेलं चालतं का? नियमांच्या पुस्तकात दोन मतं आहेत. मी दोन्ही सांगितली, जास्त कडक ते आधी.

अ‍ॅबीकाका चष्मा पुसत म्हणाले, "मग तुम्ही वाचता का?"

खुर्ची पुढे ओढली.

तिने सुरू केलं. मी छापील पुस्तक उघडलं, बोट टेबलावर ठेवलं. पहिला अध्याय. दुसरा. बोट तयार होतं. ती हळू वाचत होती, पण प्रत्येक शब्द अख्खा. गोष्टीतल्या दुष्ट हामानचं नाव आलं की ते बुडवायला सगळे पाय आपटत होते, काकू थाळी बडवत होत्या. खालच्या ढोलांत आमचा आवाज मिसळून गेला. कोणाला वाटलं असेल, वरच्या मजल्यावरही होळीच खेळतायत.

बोट वाजवायला एकदाही मिळालं नाही. मला चूक हवी होती. हे लिहून ठेवते.

मग हामानच्या दहा मुलांची नावं आली. ती एका श्वासात म्हणायची असतात. बेनीचा श्वास नेहमी सातव्यावर तुटतो. फ्लो. थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. खाली बघत म्हणाली, "हं." आणि दहाही नावं एका दमात.

ते "हं" ह्यांचं आहे. चष्मा पुसणंही. पप्पा तसं करत नसत, बेनी करत नाही. जगात फक्त हे करायचे, नेमके तिथे.

पुढचं मी ऐकलं की नाही सांगता येत नाही. एकही शब्द सुटता कामा नये आणि माझेच किती सुटले असतील.

रोजा सोडताना तिला विचारलं, सगळ्यांसमोरच.

"कोणी शिकवलं?"

"दादांनी." पोळी मोडत होती, मान वर केली नाही. "तुम्ही कोचिंगला शिकवायला जायचात ना चार ते सहा, तेव्हा. मी डबा घेऊन यायचे. ते म्हणाले, बेनीनंतर कोण? म्हटलं मला कुठे जमणार. तर म्हणाले, बस तर खरी."

"मला बोलले नाहीत."

"तुम्हाला आधी विचारलं होतं म्हणाले. तुम्ही म्हणालात वेळ नाही."

म्हणाले होते मी. आठवतं. दिवसही आठवतो, वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले होते.

आता पहाटे एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. झाकण एकट्याने निघत नाही. म्हणजे दोघांनी ओढलं. एकाने धरलं, एकाने ओढलं, माझ्या घरात, माझ्या कपाटातून काढून, चार ते सहा. डबा खाऊन झाल्यावर. हसत असतील. निघेना झालं की हे हसायचे.

कोणाचा हेवा करतेय मी? गेलेल्या माणसाचा? एका पत्र्याच्या नळकांड्याचा?

तिच्या घरी बोलावत होती ते का, तेही कळलं. काकूंना हळूच सांगत होती, "ताईंच्या टेबलासमोर मला धडकीच भरते. म्हटलं घरी असलं तर जमेल."

१४ मार्च, दुपारी तीन

सकाळी पुन्हा वाचलं तिने. कालच्यापेक्षा चांगलं.

मग माझे दोन गरीब. दोन पुड्या तयार होत्या. प्रत्येकीत पोळ्या, फळं आणि पाकीट. शुक्रवार असल्याने सणाचं जेवण दुपारच्या आत व्हायला हवं, त्याआधी हे उरकायचं. नऊ वाजल्यापासून खाली रंग.

फ्लो. म्हणाली, "ताई, माझे दोघे इथे खालीच येतायत, पाण्याच्या टाकीवरचा चौकीदार आणि त्याची आई. तुम्ही त्यांनाच द्या ना. मी नंतर बघीन."

म्हणजे रामकलीची साडी पुरीमचं दान नव्हतीच. नुसतीच साडी होती. तिला नियम माहीत होता.

"मला उसने गरीब नकोत," म्हटलं. बेनी आवाज नसताना हसला.

जुनी पांढरी साडी नेसून निघाले. कोपऱ्यापर्यंत जाता जाता निळी झाले. "आंटीजी, बुरा न मानो!" मानलं. काही उपयोग नाही.

दुकानं बंद. नेहमीचे मागणारेही नाहीत, ते रंगात. सुचलं, दवाखान्याला होळीची सुट्टी नसते. कंपूच्या दवाखान्यांसमोर फुटपाथवर गावाकडची माणसं बसलेली असतात. तिथे गेले. एक बाई, पोराएवढं गाठोडं मांडीवर. मला पाहून तिने हात पुढे केला.

आणि मी विचारलं, "कौन भर्ती है? कहाँ से आई हो? पर्चा है?"

सवयीने. वर्गात विचारावं तसं.

तिने हात मागे घेतला. पदराखाली. "रहने दो अम्मा."

पप्पांचं वाक्य तिथे, त्या फुटपाथवर आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी, माझा इथला पहिला पुरीम. दाराशी एक धडधाकट माणूस आला होता, मी म्हटलं हा तर काम करू शकतो. पप्पा म्हणाले, "सूनबाई, एरवी चौकशी करा. आजच्या दिवशी नाही. पुरीमला जो हात पसरेल त्याला द्यायचं. हात बघायचा, माणूस नाही." हा नियम मला पाठ आहे. इतरांना सांगितलाय मी.

बाईसमोर खाली बसले. गुडघे ओरडले. पुडी तिच्या गाठोड्यावर ठेवली. ती बघत राहिली, मग पोळीचा वास घेतला. "घी की है?" "हाँ." "मेरे आदमी को चलेगी?" मला माहीत नव्हतं. तेवढं विचारायला हवं होतं आणि तेवढंच विचारलं नव्हतं.

दुसरा परतताना भेटला. माधवगंजच्या वळणावर. डोक्यापासून पायापर्यंत हिरवा आणि रुपेरी. मोठा माणूस, चाळिशीचा असेल. कपडे फाटलेले की फाडलेले, कळेना. गरीब की कोणी सराफ, कळेना. डोळे तेवढे माणसाचे. दोन्ही हात पसरून आडवा आला, "माताजी, त्योहार है!"

एरवी याला मी काय सुनावलं असतं! तोंडापर्यंत आलं होतं.

दिली पुडी.

तो क्षणभर तसाच उभा. हसायचा थांबला. मग पाया पडला आणि माझ्या पावलांना हिरवे पंजे उमटवून गेला. खरंच गरज होती की थट्टा, आता कधी कळायचं नाही. नियमाप्रमाणे कळायची गरजही नाही. मला मात्र अजून कळून घ्यावंसं वाटतंय.

घरी आले. फ्लो.ने दार उघडलं, तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला. मग मोरीशी स्टुलावर बसवून खोबरेल तेलाने माझा चेहरा पुसत बसली. कानामागे, भुवयांत. तिचे हात गरम असतात. दोन वर्षांत माझ्या चेहऱ्याला कोणी हात लावला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं आणि रागच आला.

पुसून झाल्यावर उठली नाही. तेलकट हात साडीला पुसला आणि तसाच पुढे केला.

"ताई, एक मागू? मगिल्ला वर्षभर माझ्याकडे राहू द्याल? सराव नसला की अक्षरं विसरतात. पुरीमला घेऊन येईन. इथेच वाचीन, तुमच्यासमोरच. बोट वाजवा पाहिजे तर."

तळहात वर. मोरीतल्या उजेडात. करंगळीला थोडा निळा रंग लागलेला, माझा.

मी म्हटलं, "आधी जेवू या."

जेवलो. तिने माझी पोळी घेतली. दुसरी मागून घेतली. बघत होते मी, खरीच आवडली की माझ्यासाठी. नाही ओळखता आलं.

पावणेपाच

अ‍ॅबीकाका गेले. रंग थांबलाय, रस्ते धुतायत. फ्लो. आणि बेनीला शब्बाथच्या आत घरी पोचायला हवं. मलाही दिवा लावायच्या आत वही मिटायला हवी.

पुरीम सूर्य मावळेपर्यंत. तोवर तो नियम चालू.

मी वाद घालू शकते. नियम गरिबांसाठी आहे. फ्लो. गरीब नाही, लिफ्टचा फ्लॅट आहे तिचा. तिला सगळे देतात, न मागता देतात. ह्यांनीही दिलं. आणखी मी कशाला? गुंडाळी गेली तर या कपाटात काय राहील? पुढच्या वर्षी पाहुणी म्हणून ती माझ्या घरी गुंडाळी घेऊन येणार आणि मी दार उघडणार. आणि समजा नाही आली?

हे सगळं बरोबर आहे. पण ही चौकशीच झाली ना.

बेनी खाली स्कूटर काढतोय. फ्लो. दाराशी चपला घालतेय. कधीची घालतेय. एरवी तिला एवढा वेळ लागत नाही. मागितलं त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही तिने.

नळकांडं माझ्या मांडीवर आहे. झाकण लावताना काकूंनी तिरकं बसवलंय. काढून नीट लावायला हवं, आणि ते एकटीला जमत नाही.

आत्ता हाक मारली, "फ्लोरा, जरा इकडे ये."

एक चप्पल काढून ठेवल्याचा आवाज. दुसरी.

येतेय.